घरातला विस्तव



मागच्या तिमाहीत एका मंडळीत आपल्या कामाची माहिती सांगायला गेलो होतो. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी एक भगिनी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ब्रदर, जंगलातल्या लोकांबद्दल तुम्ही इतक्या तळमळीनं बोलता. ही तळमळ घरात कशी टिकवायची, त्यावर पण एकदा लिहा न. आमच्या घरी कौटुंबिक प्रार्थना म्हणजे आधी टीव्ही बंद करण्यावरून भांडण, आणि मग दहा मिनिटं जांभया." मी लगेच हो म्हणालो. परतीच्या बसमध्ये बसल्यावर मात्र जाणवले, की या विषयावर लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही. अधिकार नाही म्हणूनच कदाचित थोडे स्पष्ट लिहिता येईल, असे वाटले.

आम्ही नागपुरात प्रताप नगरात राहतो. महिन्यातले दहा-बारा दिवस माझे गडचिरोली जिल्ह्यात जातात. पत्नी परिचारिका आहे, तिच्या दिवसपाळ्या-रात्रपाळ्या असतात. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, मुलगी अकरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या घरची प्रार्थना मी 'घेत' असे. वर्ग घेतात ना, तशीच. गावाहून आलो की त्याच रात्री सगळ्यांना चटईवर बसवायचे. शास्त्रपाठ, मग माझे वीस मिनिटांचे भाष्य, आणि भाष्यात हमखास तिकडचे दाखले. तिकडची मुले चार-चार किलोमीटर चालत शाळेत जातात, त्यांच्याकडे पुस्तके नाहीत, आणि तुम्हाला सगळे मिळूनही देवाची आठवण होत नाही, असे काहीतरी.

अशाच एका रात्री मुलगा मध्येच उठून उभा राहिला. म्हणाला, "पप्पा, तिकडच्या पोरांसोबत जमिनीवर बसून तुम्ही हसता, फोटो पाहिले न मी. घरी आल्यावर काहून सारखे रागावता? तुमची प्रार्थना म्हणजे मला बोलणीच असतात." मी आवाज चढवला. तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो प्रार्थनेला बसला नाही. चर्चला कधी आला, कधी नाही. त्या रात्री भांडी आवरता आवरता पत्नी एवढेच म्हणाली, "तुमच्या कामाचा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी छापून येतो. घराचा कोणी मागत नाही."

धर्मशास्त्राच्या पदविकेला असताना आम्हाला थोडे ग्रीक शिकवले होते. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल विश्वासणाऱ्यांना आत्म्याने उत्सुक राहण्याविषयी सांगतो. तिथले मूळ क्रियापद आहे 'झेओ', म्हणजे उकळणे. आपल्याकडे चुलीवरच्या पाण्याला आधण येते, ती अवस्था. तेव्हा आम्ही पंचविशीतले होतो आणि हा शब्द आम्हाला फार आवडला. प्रत्येकाच्या पहिल्या दोन-तीन प्रवचनांत तो येऊन गेला. पण दूध उकळताना बाई चुलीपासून हलत नाही, हे त्या प्रवचनांत आमच्यापैकी कोणी सांगितले नाही. भांडे उतू गेले की दूध तर जातेच, खालचा जाळही विझतो.

हेच क्रियापद प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोसाबद्दल आले आहे. विद्वान, बोलण्यात पटाईत, आत्म्याने उकळणारा तरुण. इफिसच्या सभास्थानात तो धैर्याने बोलू लागला, पण त्याचे ज्ञान अपुरे होते. त्याला भर सभेत कोणी खोडून काढले नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या पतीपत्नींनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. हे दोघे तंबू शिवून पोट भरणारे. नव्या करारात त्यांची नावे सहा वेळा येतात आणि सहाही वेळा जोडीनेच येतात. त्यांच्या घरी मंडळी जमत असे. त्या घरात रोज काय चालत असेल, याचा मी अलीकडे बराच विचार करतो. कापड, सुया, दोर, गिऱ्हाइके, आणि मधूनच पौलासारखा पाहुणा, जो स्वतःही तंबूच शिवतो. तिथे उपासना आणि धंदा यांच्यामध्ये भिंत फार जाड नसावी. आणि त्या उकळत्या तरुणाला जे हवे होते, ते व्यासपीठावर मिळाले नाही, एका घरात मिळाले.

आवेश नेहमी चांगलाच असतो, असेही पवित्र शास्त्र म्हणत नाही. पौल स्वतःच्या मागच्या आयुष्याबद्दल फिलिप्पैकरांस लिहितो, की आवेशाच्या भरात त्याने मंडळीचा छळ केला. आणि एलीची गोष्ट तर आपल्यापैकी प्रत्येक 'सेवकाने' वर्षातून एकदा वाचावी. एली आयुष्यभर देवाच्या मंदिरात होता. शमुवेलासारखे दुसऱ्याचे लेकरू त्याने वाढवले. त्याची स्वतःची मुले, हफनी आणि फिनहास, त्याच मंदिरात लोकांची अर्पणे लुबाडत होती. तो त्यांना बोलला, पण फार उशिरा, आणि तेही लोकांकडून तक्रारी ऐकून.

मराठी ख्रिस्ती घरात आवेशाचा विषय निघाला की पहिले नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे निघते. त्यांचा आपल्या नागपूरशी संबंध आहे, हे नव्या पिढीला फारसे माहीत नाही. ख्रिस्ती होण्यापूर्वी ते येथील आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम करीत होते. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि तो त्यांनी वाचला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेत सांगतो आणि इथेच थांबतो. पुढची ओळ अशी आहे, की त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हती. पदरात लहान मुलगा दत्तू. माहेरी सोवळ्याओवळ्याचे अत्यंत कडक वातावरण, वडील तर त्यात टोकाला गेलेले. नवऱ्याने धर्म सोडला ही बातमी त्या घरात कशी पोहोचली असेल, याची कल्पना करावी. पुढची काही वर्षे नवराबायको वेगळे राहिले.

टिळकांचा स्वभाव कसा होता, हे 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी मोकळेपणाने लिहिले आहे. तापट, उतावळे, मनात आले की न सांगता घर सोडून निघणारे, खिशातले पैसे देऊन टाकणारे. असा माणूस पेटला तर घर भाजून निघणारच. पण मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठी वाटते ती टिळकांची वाट पाहण्याची तयारी. जो माणूस एका ठिकाणी बसू शकत नव्हता, त्याने बायकोच्या बाबतीत पाच वर्षे घेतली. दोघे पुन्हा अहमदनगरला एकत्र राहू लागले, तेव्हाही सुरुवातीला लक्ष्मीबाईंचे सोवळे चालूच होते. आपण देवासाठी घर, जात, नाते सगळे सोडले, आणि आपल्याच घरात शिवाशीव पाळली जाते आहे, हे त्या माणसाला किती टोचले असेल! तरी बाप्तिस्म्याची सक्ती त्यांनी केली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनाने घेतले, आणि मग त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्यातला संकोच सोडून दिला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर दोघांचे घर म्हणजे धर्मशाळाच झाले. अनाथ मुले, अडलेले विद्यार्थी, आजारी माणसे. प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा. टिळक माणसे घरी आणीत आणि लक्ष्मीबाई त्यांना जेवू घालीत. यातला आवेश कोणाचा म्हणायचा? १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांनी येशूच्या चरित्रावरचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केले होते, ते सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या मागून, आपल्या पायांनी, आपल्या वेळेला आलेली बाई पुढे किती लांब चालली, ते पाहा. टिळकांनी १८९५ साली तिला ओढत नेले असते, तर ती बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत पोहोचली असती, 'ख्रिस्तायना'पर्यंत पोहोचली असती का, असा प्रश्न मला पडतो.

नागपूरच्या मंडळ्यांच्या इतिहासात आणखी एक नाव आपण अभिमानाने घेतो, स्टीफन हिस्लॉप यांचे. ते १८४५ साली नागपुरात आले. शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंड लोकांच्या भाषेचे शब्द आणि गाणी टिपून घेतली. गोंडी भाषेतली लिंगोची गाणी छापली गेली ती त्यांच्या टिपणांतून. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले, तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. त्यांच्या कागदपत्रांचे पुस्तक १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी संपादित केले, आणि आदिवासींबरोबर काम करणारे आम्ही लोक आजही त्यांचे ऋणी आहोत. पण त्यांच्या पत्नीने नागपुरात मुलींच्या शिक्षणासाठी खपून काम केले आणि नंतर मुलांना घेऊन पतीशिवाय दिवस काढले, ते आमच्या भाषणांत अर्ध्या वाक्यात उरकते. मीही आजवर तसेच उरकत आलो.

आता थोडे तिकडचे सांगतो, कारण हे वार्तापत्र आपण त्यासाठीच हातात घेता.

मार्च-एप्रिलात मोहाची फुले गळतात तेव्हा एटापल्ली-भामरागडकडच्या गावांत पहाटे कोणी घरात सापडत नाही. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा मोकळी केलेली असते. अंधार असतानाच आई, बाप, पोरे, टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. फुले वेचण्याचे काम कंटाळवाणे आहे. कंबर मोडते. मी एकदा दीड तास वेचली आणि दोन दिवस वाकता येईना. पण तिथे कोणी कोणाला 'चल, ऊठ' म्हणत बसलेले मी पाहिले नाही. लहान पोरांची टोपली लहान असते, एवढाच फरक. ती मध्येच खेळतात, भांडतात, पुन्हा वेचतात. ऊन चढले की सगळे घरी येतात आणि अंगणात फुले पसरून ठेवतात. मग म्हातारे माणूस काठी घेऊन गुरे हाकत बसते. प्रत्येकाला वाटणीला काम आहे, आणि आपण केले नाही तर घराला कमी पडेल, हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते.

याचे गोडवे गाण्यात धोका आहे, तेही सांगतो. याच दिवसांत शाळांची हजेरी गळते, आणि वसतिगृहातून घरी गेलेली काही मुले परत येत नाहीत. आमच्या कार्यकर्त्यांची निम्मी पायपीट त्यासाठीच होते. गरजेपोटी केलेल्या कामाला मी भक्ती म्हणणार नाही. पण आमच्या प्रार्थनेत आणि त्या झाडाखालच्या कामात काय फरक आहे, ते मला तिथे उकिडवे बसल्यावर कळले. आमच्या घरी टोपली एकच होती आणि ती माझ्या हातात होती. बाकीच्यांनी बसून पाहायचे होते.

त्याच गावात एका आजीकडे रात्री मुक्काम होता. जेवणे झाल्यावर तिने चुलीतली लाकडे बाजूला ओढली, निखारे एकत्र केले आणि त्यांवर राख लोटली. हे आपल्या आज्यांनीही केले आहे, खेड्यात वाढलेल्यांनी पाहिले असेल. सकाळी मी उठलो तेव्हा चूल मेल्यासारखी दिसत होती. आजीने राख बाजूला केली, काटक्या ठेवल्या, दोन फुंकरा घातल्या. झाले. काडी लागली नाही. लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही, याजकाने रोज सकाळी त्यावर लाकडे ठेवायची, असा नियम आहे. अनेकदा वाचलेला तो भाग मला त्या चुलीपाशी नीट समजला.  विझू द्यायचा नाही, एवढेच.

नागपूरला परत आल्यावर, असाच एका संध्याकाळी, मी धाकटीला विचारले, "मी नसतो तेव्हा प्रार्थना होते का गं?" ती सहज म्हणाली, "रोज होते न. मम्मी झोपताना आमच्या डोक्यावर हात ठेवते. दादाच्या पण. तो झोपेचं सोंग घेतो." रात्रपाळी असली तर पत्नी निघण्यापूर्वीच हे करून जात असे. दोन मिनिटे. भाष्य नाही, दाखले नाहीत. ज्या वर्षी माझा मुलगा देवापासून दूर गेला म्हणून मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत डोळे पुसत होतो, त्या वर्षी त्याच्या डोक्यावर रोज हात ठेवला जात होता, आणि तो सोंग घेऊन का होईना, ठेवू देत होता. घरातला विस्तव माझ्यामुळे आहे, असे समजत मी इतकी वर्षे वावरलो. पत्नीने याबद्दल मला कधी सांगितले नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाली, "त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

त्यानंतर मी मुलाजवळ गेलो आणि माफी मागितली. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात मी तीन आठवडे टाळले. प्रवचनात पश्चात्तापावर अर्धा तास बोलणारा माणूस स्वतःच्या मुलासमोर एक वाक्य बोलू शकत नाही, असे ते तीन आठवडे होते. शेवटी तो गच्चीवर सायकलची चेन लावत होता, तिथे जाऊन म्हणालो, "त्या रात्री तुझं बरोबर होतं." तो वर न पाहता म्हणाला, "पाना द्या तो." मी दिला.

आता आमच्याकडे काय चालते ते सांगतो. हे चांगले आहे असा दावा नाही, आम्हाला जमते एवढेच. प्रार्थना दहा मिनिटांची. पत्नीची रात्रपाळी असेल तर संध्याकाळी, नसेल तर जेवणानंतर. शास्त्रपाठ कोण निवडणार, त्याची पाळी असते, आणि माझी पाळी चौथी. धाकटी कधीकधी नुसती नावांची यादी वाचते. इतिहासाच्या पुस्तकांतल्या वंशावळ्या तिला आवडतात, कारण त्यांतली नावे उच्चारताना सगळे अडखळतात. पूर्वी मी म्हणालो असतो, हा काय पोरखेळ. आता मीही अडखळतो आणि तिला हसू येते. बोलून प्रार्थना करायची सक्ती नाही. कोणाला गप्प बसायचे असेल तर गप्प बसावे. प्रत्येकाने एका माणसाचे नाव घ्यायचे, ज्याला त्या दिवशी काही कमी पडत आहे. वर्गमैत्रीण, वॉर्डातला रुग्ण, गल्लीतला भाजीवाला, कोणीही. कित्येकदा त्या नावामागून दुसऱ्या दिवशी काही काम निघते. डबा पाठवायचा असतो, वही द्यायची असते, नुसते जाऊन बसायचे असते. ती आमची टोपली.

शुक्रवारी रात्री आम्ही 'स्मृतिचित्रे' मोठ्याने वाचत होतो, तीन-चार पाने. मुलगा आधी दारात उभा राहून ऐकायचा. देवाचा एवढा मोठा माणूस घरात असा असह्य होऊ शकतो, आणि त्याची बायको ते हसत हसत छापते, हे त्याला फार पटले असावे. एकदा तो इतका हसला की चटईवरच बसला, आणि मग बसूनच राहिला. ज्यांच्या घरी हे पुस्तक नसेल त्यांनी अवश्य घ्यावे. सुट्टीत मुलांना वाचून दाखवायला ते कुठल्याही बोधकथेच्या पुस्तकाहून चांगले आहे.

जॉन वेस्लीच्या आईची, सुझॅना वेस्लीची एक रीत आम्ही आमच्या सोयीने उचलली आहे. तिला एकोणीस मुले झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. उरलेल्यांपैकी प्रत्येकासाठी तिने आठवड्यातली एक वेळ ठरवली होती. त्या वेळेला ती त्या एकाच मुलाशी बोले. गुरुवार जॉनचा. मोठा होऊन विद्यापीठात गेल्यावरही त्याला त्या गुरुवारांची आठवण येत असे. मला एवढ्या मुलांचे काही सांभाळायचे नाही, दोघांचेच आहे, तरी महिन्यातून दोनदा चुकते. चुकले की मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारते.

उन्हाळ्यात मुलगा माझ्याबरोबर वसतिगृहावर आला. मी बोलावले नव्हते, तिथल्या अर्ध्या खोल्यांचे दिवे बंद आहेत असे जेवताना सहज बोललो होतो. त्याला विजेच्या कामाची आवड आहे. तीन दिवस तो तिथल्या दोन मुलांना हाताशी घेऊन वायरिंग तपासत होता. त्या मुलांनी त्याला माडिया भाषेत मोजायला शिकवले आणि त्याच्या उच्चारांवर पोट धरून हसली. तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढून काम करताना मी त्याचा फोटो काढला, मनात हेच वार्तापत्र होते. त्याने पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "पप्पा, मी तुमच्या रिपोर्टसाठी नाही आलो." फोटो पुसून टाकला. या अंकात तो का नाही, हे संपादकांना मी आधीच कळवले आहे, आपल्यालाही सांगतो.

यावरून आपल्या साहाय्यकर्त्या कुटुंबांना एक विनंती करावीशी वाटते. आदिवासी मुलांचे हाल सांगून आपल्या मुलांना लाजवू नका. मी ते वर्षानुवर्षे केले. त्याने माझ्या मुलांच्या मनात कळवळा आला नाही, त्या मुलांविषयी एक अढी आली. आणि त्या मुलांचाही तो अपमानच. ती कोणाला धडा शिकवायला जन्मली नाहीत. त्याऐवजी आपल्या घरातून जो मदतनिधी येतो, त्यात मुलांना बोलायला जागा द्या. किती द्यायचे, कशासाठी द्यायचे, त्यासाठी घरातले काय कमी करायचे, हे सगळे मिळून ठरवा. एका कुटुंबाने आम्हाला कळवले, की त्यांच्या मुलीने पैशांऐवजी वसतिगृहातल्या मुलींसाठी केसांच्या रिबिनी पाठवायचा हट्ट धरला आणि आईवडिलांना ते फालतू वाटले. रिबिनी आल्या. आमच्या यादीत ब्लँकेट होते, साबण होते, वह्या होत्या, रिबिनी कोणाला सुचल्या नव्हत्या. त्या दिवशी वसतिगृहात जो गलका झाला, तो ब्लँकेटांना झाला नव्हता.

ज्यांची मुले चर्चपासून दूर गेली आहेत, अशा पालकांची पत्रे अधूनमधून येतात. त्यांना मी उपाय सांगू शकत नाही. माझा मुलगा प्रार्थनेला बसतो, मोठ्याने अजून करीत नाही. कधी रविवारी येतो, कधी झोपतो. पूर्वी मी दर रविवारी सकाळी त्याच्या दाराशी उभा राहून घड्याळ वाचून दाखवीत असे. आता पत्नी जाताना त्याच्या खोलीत डोकावते, "आम्ही निघतो," म्हणते, आणि आम्ही निघतो. सीताबर्डीपर्यंत स्कूटरवर मागे बसलेली धाकटी मला सांगत असते, की दादा आज येणार होता, पण त्याचे मोजे सापडले नाहीत. ती खरे सांगते की भावाची बाजू घेते, मी विचारत नाही.

डिसेंबरात वसतिगृहाच्या नाताळ कार्यक्रमाला आम्ही चौघे जाणार आहोत. पत्नीने आतापासून रजा टाकली आहे. तिथे मुलींच्या आरोग्याविषयी तिने बोलावे असे वसतिगृहाच्या ताईंना वाटते, तिला मात्र नुसते स्वयंपाकघरात बसून गप्पा मारायच्या आहेत. मुलाने न्यायच्या सामानाची यादी फ्रिजवर लावली आहे. वायरचे बंडल, टेस्टर, इन्सुलेशन टेप, आणि शेवटी माझ्यासाठी एक ओळ, की कॅमेरा घरी ठेवावा. ब्लँकेटांसाठी मदत पाठवणाऱ्यांनी ती नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत पाठवावी, म्हणजे थंडीच्या आत पोहोचेल. रिबिनीही चालतील.

ज्या भगिनींनी चहाच्या वेळी तो प्रश्न विचारला, त्यांना हा अंक पोस्टाने पाठवीत आहे. टीव्हीवरून होणाऱ्या भांडणाचे मात्र मला काही सांगता येणार नाही. आमच्या घरी ते मोबाईलवरून होते.